औषध स्वस्त करायचं, तर पेशंटला कुठे बसवायचं?

मागच्या लेखात मी सांगितलं होतं की माझ्या पीएचडीतला निम्मा वेळ औषधांचे सॉल्ट बनवण्यात जातो. पाण्यात नीट न विरघळणारं औषध घ्यायचं, ते वेगवेगळ्या आम्लांशी जोडून बघायचं, कोणती जोडी चांगले स्फटिक देते, हवेतली ओल धरत नाही आणि पुरेशी विरघळते ते वहीत नोंदवायचं. ते वाचून माझ्या होस्टेलच्या जुन्या रूममेटने (ती आता बँकेत आहे) एकच ओळ पाठवली: "हे सगळं करून औषध स्वस्त होते का महाग?" मी उत्तर लिहायला बसले आणि दोन आठवडे गेले. हा लेख म्हणजे ते उत्तर. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात एका सरकारी आदेशापासून करते. २३ मार्च २०२३, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, भारतीय पेटंट कार्यालयाने एक अर्ज फेटाळला. अर्ज बेडाक्विलिन या औषधाच्या फ्युमरेट सॉल्टचा होता, जॉन्सन अँड जॉन्सन समूहाचा. बेडाक्विलिन म्हणजे ज्या टीबीवर नेहमीची औषधं चालत नाहीत त्या टीबीवरची गोळी. अमेरिकेत तिला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली, आणि टीबीसाठी अगदी नव्या पद्धतीने काम करणारं औषध तेव्हा साधारण चाळीस वर्षांनी आलं होतं. मूळ रेणूचं भारतातलं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. सॉल्टचं पेटंट मिळालं असतं तर कंपनीची मक्तेदारी २०२७ च्या शेवटापर्यंत लांबली असती.

या अर्जाला हरकत कोणी घेतली, ते बघण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांचं नेटवर्क, म्हणजे एनएमपी प्लस. (एचआयव्हीवाल्यांचा टीबीच्या गोळीशी काय संबंध, असं वाटलं असेल तर: एचआयव्ही असलेल्या माणसाला मारणाऱ्या आजारांत टीबी सगळ्यात वर आहे.) आणि २०१९ मध्ये दोन तरुणी: मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनजवळच्या खायेलित्शाची फुमेझा तिसिले. दोघींना टीबी झाला होता, दोघी वाचल्या, आणि दोघींची ऐकण्याची शक्ती टीबीच्या जुन्या, विषारी औषधांनी गेली. त्या काळी अशा टीबीला महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं द्यायचे. ती कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारतात आणि त्या पेशी पुन्हा येत नाहीत. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कॅनामायसिन वापरू नका, आधी बेडाक्विलिनसारख्या पोटात घ्यायच्या गोळ्या द्या. दोघींचं म्हणणं सरळ होतं. कान वाचवणारं औषध आहे, ते महाग राहू नये.

अर्ज फेटाळल्यावर बहुतेक बातम्यांचा सूर एकच होता, टीबीतून वाचलेल्या दोघींनी बलाढ्य कंपनीला हरवलं. मलाही वाचताना आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण मी सॉल्टवाली मुलगी, म्हणून निर्णयाची कारणं शोधून वाचली. माझी तक्रार तिथून सुरू होते.

आमच्या लॅबच्या तिसऱ्या फळीवर फ्युमरिक आम्लाची बाटली आहे. हायड्रोक्लोरिक, टार्टारिक, सायट्रिक, मॅलिक यांच्या रांगेत. नवीन रेणू हातात आला आणि त्यावर अमाइनचा गट असला, की एमएस्सीचा पोरगाही आधी या रांगेतून हात फिरवतो. बेडाक्विलिनवर असा गट आहे. आणि जुन्या पेटंटमध्ये, जिथे मूळ रेणू आला, तिथेच अशा आम्लांचे सॉल्ट करता येतील हे लिहून ठेवलेलं होतं. तेव्हा फ्युमरेट बनवणं हा शोध कसा? पेटंट कार्यालयाने नेमकं हेच विचारलं. या क्षेत्रातल्या साधारण जाणकार माणसाला हे सहज सुचलं असतं का? सुचलं असतं, म्हणून पेटंट नाही. जोडीला आपल्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ड): जुन्याच पदार्थाचं नवं रूप आणलं, तर त्याची परिणामकारकता खरोखर वाढली आहे हे दाखवावं लागतं. हेच ते कलम ज्यावरून १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा ग्लिवेकचा अर्ज फेटाळला होता. त्या खटल्यातही समोर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी होती.

माझ्या मते निर्णय बरोबर आहे. केमिस्ट्री म्हणून तर शंभर टक्के. पण ज्या मुद्द्यांवर तो झाला, त्यांत नंदिताच्या कानांना जागा कुठे आहे? कायद्यानेच नाही. त्या दोघी दारापर्यंत आल्या त्या स्वतःच्या अनुभवामुळे, आणि दार उघडलं ते फ्युमरिक आम्लाच्या बाटलीने. आत जाण्यासाठी त्यांना, त्यांच्या वकिलांना, रसायनतज्ज्ञाच्या भाषेत बोलावं लागलं. समजा त्या सॉल्टमध्ये खरंच काही कल्पक असतं. मग त्यांचं बहिरेपण तेवढंच खरं राहिलं असतं आणि त्या हरल्या असत्या.

इथे तुम्ही म्हणाल, मग काय, पेटंट अधिकाऱ्याने रडण्यावर निर्णय द्यायचा का? नाही. मलाही ते नको आहे, आणि का नको त्याचं चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे.

तिकडे काही राज्यांनी औषधांच्या किमती तपासायला मंडळं नेमली आहेत. मेरीलँडने पहिलं २०१९ मध्ये नेमलं, कोलोरॅडोने २०२१ मध्ये. कोलोरॅडोच्या मंडळाचं काम असं: एखादं औषध घ्यायचं, ते राज्यातल्या लोकांना परवडतं का ते तपासायचं, आणि परवडत नसेल तर त्यावर कमाल रक्कम ठरवायची. या तपासणीत पेशंटचं म्हणणं ऐकणं हा रीतसर भाग आहे. वाचून वाटतं, वा, हेच तर हवं होतं. पण २०२३ मध्ये ट्रिकाफ्टा या सिस्टिक फायब्रोसिसवरच्या अत्यंत महाग औषधाची पाळी आली, तेव्हा पेशंट आणि त्यांचे आईबाप मंडळासमोर येऊन जे सांगत होते ते वेगळंच होतं. किंमत बांधू नका, कंपनी औषध देणं बंद करेल, आम्ही मरू. डिसेंबरमध्ये मंडळाने ठरवलं की हे औषध न परवडणारं म्हणता येत नाही. त्या आईबापांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही, माझी बहीण त्यात असती तर मीही तेच बोलले असते. पण २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो की अमेरिकेतल्या १०४ मोठ्या रुग्ण-संघटनांपैकी किमान ८३ टक्के संघटना औषध आणि उपकरण कंपन्यांकडून पैसे घेतात. म्हणजे पेशंटला खुर्ची दिली की प्रश्न मिटला असं होत नाही. त्या खुर्चीपर्यंतचं तिकीट कोणी काढलं तेही बघावं लागतं.

तर माझी तक्रार पेटंट कार्यालयाने भावना ऐकल्या नाहीत ही नाही. पेशंटच्या अनुभवात माहिती असते, मोजता येण्यासारखी, दुसऱ्या कोणाकडेच नसलेली. आपल्याकडे किंमत ठरवण्याच्या पद्धतीत ती माहिती घालायला रकानाच नाही, ही माझी तक्रार आहे. पेटंटच्या बाबतीत एक वेळ चालेल. किमतीच्या बाबतीत चालत नाही.

किंमत कशी ठरते ते आधी सांगते. अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी असते, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. त्यांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, २०१३ च्या आदेशातल्या सूत्राने ठरवतं. सूत्र शाळेतल्या गणिताचं आहे. त्या औषधाचे बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेले जेवढे ब्रँड आहेत, त्यांच्या दुकानदाराला मिळणाऱ्या किमतींची सरासरी काढा, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवा, झाली कमाल किंमत. पुढे दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे ती हलते. २०२३ मध्ये एका झटक्यात १२ टक्क्यांच्या वर वाढवायला परवानगी मिळाली होती.

या सूत्रावर जुनी टीका अशी की यात उत्पादन खर्च कुठेच नाही. आधीच्या, १९९५ च्या आदेशात तो होता. आता बाजार जेवढी किंमत लावतो त्याचीच सरासरी घेऊन तिला नियंत्रण म्हणायचं. टीका रास्त आहे, अनेकांनी माझ्यापेक्षा चांगली केली आहे, मी पुढे जाते. मला जे टोचतं ते दुसरं. ही सरासरी फक्त त्या रूपांची आणि त्या ताकदीच्या गोळ्यांची निघते ज्या यादीत आहेत आणि ज्या बाजारात आहेत. जे बनतच नाही, त्याची सरासरी कशी काढणार?

आता नागपुरात येऊ या.

माझ्या मावशीची मुलगी सिकलसेलची पेशंट आहे. विदर्भातल्या वाचकांना हा आजार समजावून सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी दोन ओळी. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि मग हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, शिवाय पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याचे पेशंट यासाठी नागपूरला येतात. 'मेडिकल'ला किंवा मेयोला. (नागपूरबाहेरच्यांनी गोंधळू नये: इथे 'मेडिकल' म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. औषधाच्या दुकानालाही मेडिकलच म्हणतात. कोणतं ते बोलण्याच्या सुरावरून ओळखायचं.)

सिकलसेलवर जे औषध सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हायड्रॉक्सीयुरिया. जुनं आहे, पेटंटचा प्रश्न नाही, भारतात अनेक कंपन्या बनवतात. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. कोणत्याही अहवालात हे औषध 'परवडणारं' या रकान्यात बसेल, आणि त्या अर्थाने ते आहेच.

पण मुलाला डोस वजनाप्रमाणे लागतो. साधारण किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम. मधला १५ धरा. माझी मावसबहीण तेव्हा अकरा किलोची होती. ११ गुणिले १५, म्हणजे १६५ मिलिग्रॅम. कॅप्सूल ५०० ची.

मावशी काय करायची? कॅप्सूल उघडायची, पावडर वाटीतल्या पाण्यात कालवायची, आणि त्यातलं चमच्याने मोजून पाजायची. बाकीचं फेकायचं. सुरुवातीला फेकायला जीव होत नव्हता म्हणून झाकून ठेवायची दुसऱ्या दिवसासाठी. मी तेव्हा बीएस्सीला होते आणि माझ्या लक्षातही आलं नाही की यात काही चुकतंय. पुढे फार्माकोलॉजीच्या पुस्तकात वाचलं की हे पेशींवर घाव घालणारं औषध आहे, कॅन्सरमध्येही वापरतात, कॅप्सूल उघडू नये, पावडर उघड्या हातांना लागू देऊ नये. मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, "मंग काय करू बाप्पा? लहान गोळी भेटतच नाही." गांधीबागेतल्या होलसेलवाल्याकडेही विचारून आली होती ती. तो हसला म्हणे. (कृपया हे वाचून कोणी घरी कॅप्सूल फोडू नका, किंवा बंदही करू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा. काही डॉक्टर कॅप्सूल दिवसाआड देऊन हिशोब जुळवतात, ते त्यांनाच ठरवू द्या.)

आता यात किती माहिती आहे ती बघा. एक, ५०० मधले ३३५ मिलिग्रॅम रोज वाया. म्हणजे मिलिग्रॅममागे या घरासाठी औषधाची खरी किंमत छापील किमतीच्या तिप्पट. दोन, डोस दररोज वेगळा, कारण वाटी आणि चमचा हे काही मोजमापाचं साधन नाही. तीन, पाजणाऱ्या बाईच्या हाताला रोज औषध लागतंय. चार, या सगळ्याची नोंद कुठेच नाही. सूत्राच्या नजरेतून माझ्या मावशीने एक कॅप्सूल विकत घेतली, कमाल किमतीच्या आत. सगळं ठीक.

लहान मुलांसाठीचं द्रवरूप हायड्रॉक्सीयुरिया परदेशात बरंच आधी आलं, पण ते फार महाग, आणि नेहमीचं सिरप थंड ठेवावं लागतं. फ्रिज नसलेल्या घरात त्याचं काय करणार? आपल्याकडे २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, त्याच वर्षी आयसीएमआरने कंपन्यांना विचारलं की मुलांसाठी कमी ताकदीचं रूप आमच्याबरोबर बनवणार का, आणि त्यानंतर देशी सिरपं येऊ लागली. चांगलं झालं. पण कॅप्सूल इथे कित्येक वर्षं मिळते आहे. मधली सगळी वर्षं हजारो आया काय करत होत्या हे बालरोगतज्ज्ञांना माहीत होतं, आयांना तर माहीत होतंच. यादी बनवणाऱ्यांपर्यंत ते पोचायला एवढा वेळ का लागला?

आमच्या शहरात असा एक माणूस होऊन गेला ज्याने हे पोचवण्याचंच काम केलं. संपत रामटेके. स्वतःच्या घरात सिकलसेल आल्यावर ते यात पडले, सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, त्यासाठी जोर लावणाऱ्यांत नागपूरची ही मंडळी होती. पण बघा, तिथेही बापाचा अनुभव पोचायला संसदेचा कायदा बदलावा लागला. रोजच्या कारभारात, किंमत ठरवताना, यादी सुधारताना त्याने कुठे जाऊन बोलावं अशी खिडकी नव्हती. एनपीपीए कमाल किमतीचे मसुदे आपल्या वेबसाइटवर टाकतं, हरकतींसाठी काही दिवस देतं. तक्त्यात ब्रँड, किंमत, बाजारहिस्सा. हरकत घ्यायची ती या आकड्यांवर. माझी मावशी तिथे काय लिहिणार?

"अनुभव मोजता कसा येणार?" हा प्रश्न मला सेमिनारमध्ये दोनदा ऐकावा लागला, दोन्ही वेळा जरा हसून विचारलेला. उत्तर सोपं आहे. मोजतातच. टीबीच्या क्षेत्रात रुग्ण-खर्च पाहणी नावाची पद्धत आहे, जागतिक आरोग्य संघटनेने त्याची प्रश्नावलीच बनवून दिली आहे. उपचार घेणाऱ्या माणसाला विचारायचं: तपासणीला, औषधाला किती गेले? बसला, जेवणाला, राहायला किती? किती दिवसांची मजुरी बुडाली? सोबत कोण आलं, त्याची किती बुडाली? कर्ज काढलं का, काही विकलं का? या सगळ्याची बेरीज घराच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेली, तर त्या घरावर खर्चाचं अरिष्ट आलं असं धरायचं. ध्येय असं की असं एकही घर उरू नये.

हा मोजण्याचा प्रकार कळला तेव्हा मला टीबीच्या गोळीची बातमी वेगळी दिसू लागली. पेटंट नाकारल्यावर किंमत खरोखर उतरली. ऑगस्ट २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय खरेदी यंत्रणेने जाहीर केलं की सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनचा भाव जॉन्सन अँड जॉन्सनकडून १३० डॉलर आणि आपल्या लुपिनकडून १९४ डॉलर. कंपनीचा आधीचा भाव २८९ होता, म्हणजे स्पर्धक दारात आल्याबरोबर मूळ कंपनीच निम्म्याखाली आली. मोठी गोष्ट आहे, आणि माझ्या रूममेटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही: सॉल्टमुळे औषध महाग होऊ शकलं असतं, झालं नाही. पण भारतात सरकारी टीबी कार्यक्रमात ही गोळी पेशंटला फुकटच मिळते. वाचलेले पैसे सरकारचे. त्यातून जास्त लोकांना गोळी देता येते, हे खरंच. पण ज्याला मिळते त्याच्या खिशातून जे जातं, ते गोळीसाठी जातच नव्हतं. ते जातं बसला, सोबतीला, बुडालेल्या मजुरीला. त्यासाठी सरकार महिन्याला पोषणाचे ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले.

फुकट आणि तरीही न मिळालेलं, याचं सगळ्यात वाईट उदाहरण बेडाक्विलिनचंच आहे. २०१६ मध्ये हे औषध भारतात सहा सरकारी हॉस्पिटलांतून सुरू झालं, सुरुवातीचा साठा देणगीतून आलेला. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ते हवं होतं. दिल्लीच्या हॉस्पिटलने सांगितलं, तू दिल्लीची रहिवासी नाहीस. तिच्या वडिलांना हायकोर्टात जावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये तिला औषध द्यायचं ठरलं. २०१८ मध्ये ती गेली. त्या औषधाची तिच्यासाठीची किंमत शून्य रुपये होती.

आणि रुग्ण-खर्च पाहणीलाही मी सोडणार नाही. ती विचारते उपचार सुरू असलेल्या पेशंटला, दवाखान्यात. पाटण्याची ती मुलगी नकार मिळाला त्या महिन्यांत अशा कोणत्याच यादीत आली नसती. मावशीची वाटी त्या प्रश्नावलीत येत नाही, कारण 'औषध कसं पाजता' असा प्रश्नच नाही. पद्धत चांगली आहे, पण ती रुपये मोजते. जिथे खर्च रुपयांत दिसत नाही तिथे तिला काही ऐकू येत नाही. मला वाटतं अशा पाहणीत चार उघडे प्रश्न हवेत, ज्यांचं उत्तर आकड्यात नसेल, आणि ती उत्तरं यादी सुधारणाऱ्या समितीसमोर तशीच्या तशी ठेवावीत. सगळी नाहीत, निदान औषधाचं रूप आणि ताकद ठरवताना. त्यात भावनिक काही नाही. कॅप्सूल फोडावी लागते हा डेटा आहे.

आता शेवटचं, जे या लेखाचं निमित्त नसलं तरी मला सोडवत नाही. नंदिता आणि फुमेझा आत येऊ शकल्या, कारण आपल्या पेटंट कायद्यात कलम २५(१) आहे, आणि त्यात 'कोणतीही व्यक्ती' पेटंट मिळण्याआधी हरकत घेऊ शकते असं लिहिलं आहे. कोणतीही. कंपनी असायला नको, शास्त्रज्ञ असायला नको, भारतीयसुद्धा असायला नको. पेटंट मिळाल्यानंतर हरकत घ्यायची तर मात्र 'हितसंबंधी व्यक्ती'च लागते. जगात फार थोड्या ठिकाणी इतकं रुंद दार आहे. मार्च २०२४ मध्ये पेटंटचे नियम बदलले. पूर्वी अशा हरकतीला फी नव्हती, आता आहे. आणि हरकत ऐकण्याजोगी आहे का हे नियंत्रक आधी ठरवणार, मग पुढे. सरकारचं म्हणणं, खोट्या हरकती घालून अर्ज वर्षानुवर्षं अडकवतात, त्याला आळा बसेल. असे प्रकार होतात, नाकारत नाही. पण त्या गर्दीत जो पेशंट येतो त्याच्यासाठी हे काय आहे? वर मी म्हटलं की त्यांना रसायनतज्ज्ञाच्या भाषेत बोलावं लागलं. आता ती भाषा पहिल्याच पानावर, फी भरून, बोलावी लागेल. मावशीसारख्या बाईसाठी तर किमतीच्या बाजूला खिडकी आधीच नव्हती. पेटंटच्या बाजूला होती तीही अरुंद झाली, आणि यावर आमच्या विषयाच्या लोकांनी, म्हणजे सॉल्ट बनवणाऱ्यांनी, फारसं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. आम्ही पेपर लिहितो, त्यात शेवटी 'या रूपामुळे रुग्णांची सोय वाढेल' असं एक वाक्य असतं. माझ्याही पेपरमध्ये आहे. ते लिहिताना मी एकाही रुग्णाला विचारलं नव्हतं. आता प्रबंधात काही महिने मुलांच्या आयांशी बोलायला ठेवावेत असं गाइडना सुचवलंय. ते म्हणाले, हे केमिस्ट्रीत कुठे बसतं ते लिहून दाखव. लिहिते आहे.

मावसबहीण आता अकरावीत आहे. वजन चाळीस किलोच्या आसपास. पाचशेची कॅप्सूल तिला आता बरोबर बसते, ती स्वतःच गिळते. मावशीने ती वाटी अजून वेगळी ठेवली आहे, कोणाला घेऊ देत नाही.